चौथा रकाना

दुपारी दोन ते तीन या वेळात मी काम करते की झोपते, हे मला स्वतःलाही नीट सांगता यायचं नाही. इंदिरानगरच्या एका आतल्या गल्लीत, जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खिडकीला लागून टॅबेबुयाचं झाड. मार्च लागला की त्याच्यावर पान म्हणून उरायचं नाही, नुसती गुलाबी फुलं, आणि वाऱ्याबरोबर त्यातली चारदोन माझ्या टेबलावर येऊन पडायची. मी हनुवटी तळहातावर टेकून त्या झाडाकडे बघत बसायचे. माझी मैत्रीण जिना चढून वर यायची, माझ्याकडे एकदा बघायची आणि आपल्या जागेवर जाऊन बसायची. आमच्या कंपनीत मालकिणी दोनच होत्या, ती आणि मी.

बघून काही कळत नाही, हाच आमचा धंदा होता. माणूस मन लावून काम करतोय की नाही, हे मालकाला दिसत नाही, फळ तेवढं दिसतं. पाण्याचं यंत्र विकणारा माणूस वीस घरांच्या पायऱ्या चढला की झाडाखाली बसून राहिला, हे संध्याकाळच्या विक्रीवरून ओळखायचं असतं. आणि विक्री तर नशिबानंही होते. मग त्याच्याशी करार असा लिहायचा की पायऱ्या चढण्यातच त्याला आपला फायदा दिसावा आणि मालकाच्या खिशालाही कमीत कमी चाट बसावी. सगळ्यात चांगला असा एकच करार असतो. तो शोधून देणारं यंत्र आम्ही बनवत होतो. पळापळ ती करायची, गिऱ्हाईकं ती आणायची, आणि विचार करायचं काम माझ्याकडे होतं.

एका माणसाचा करार काढायला यंत्राला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागायचा नाही. अडायचं ते अनेक माणसं मिळून एक काम करतात तिथं. कुणाला बक्षिसाचं आमिष दाखवायचं आणि कुणाला नुसता पगार द्यायचा, हे ठरवायचं तर एकेक माणूस वाढला की तपासायच्या शक्यता दुप्पट होतात. दहा माणसांना हजारभर. तीस माणसांना शंभर कोटींच्या वर. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडे तिसाहून जास्तच माणसं होती. सगळ्या शक्यता न तपासता थेट उत्तराशी नेणारी एखादी आडवाट असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. मी चार वर्षं ती आडवाट शोधत होते, आणि बहुतेक वेळ ती त्या झाडाच्या पलीकडेच कुठेतरी आहे असं मला वाटायचं.

आमचा दोघींचा आपसातला करार मात्र अगदी साधा होता, निम्मं-निम्मं. तो कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या छोट्या हॉटेलात, स्टीलच्या टेबलापाशी झाला. बाय-टू कॉफी मागवली होती. एक कॉफी, दोन ग्लास. तिनं दोन्हीत ओतली आणि मला म्हणाली, तू उचल. ओतणारीनं ओतायचं आणि दुसरीनं आधी उचलायचं, म्हणजे ओतणारीचा हात आपोआप सरळ राहतो. चार वर्षं आम्ही रोज अकरा वाजता तिथं असंच केलं. काउंटरवरचे अण्णा आम्हाला पाहिलं की न विचारता दोन ग्लास मांडायचे. कधी कॉफी थोडी जास्त ओतून म्हणायचे, "स्वल्प जास्ती, अक्का." ती पुण्याची, तिला कन्नड येत नव्हतं, पण स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे बरं, हे दोन शब्द तिनं उचलले होते आणि त्या दोन शब्दांवर ती सगळं बेंगळुरू चालवायची.

मी खानापूरकडची. मला दोन्ही भाषा येतात, त्याचा मला थोडा गर्वही आहे. माझी आई अजून गावातच असते. तिचे गुडघे गेलेत, म्हणून रानात जाणं होत नाही. तिची शेळी तिनं वेशीजवळच्या एका बाईला अर्धलीनं दिली होती. अर्धली म्हणजे शेळी आईची, राखण त्या बाईची, आणि होतील ती करडं निम्मी-निम्मी. बाई शेळीला हिरवा पाला घालते की नुसतीच बांधावर सोडते, हे आई बघायला जात नाही. मी काय काम करते हे आईला एकदा फोनवर सांगायचा प्रयत्न केला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग अर्धलीनं द्यायचं की, त्याला यंत्र कशाला. मी हसले. तिला काय सांगणार, की ठरलेला वाटा देऊन टाकणं हा सगळ्यात चांगला करार नसतो, यावर आमच्या विद्येत शहाण्या माणसांनी डोकी शिणवलेली आहेत. नसतो, हे खरंच आहे. पण त्याच शहाण्यांनी असंही म्हणून ठेवलंय की फारशी माहिती हाताशी नसेल तर ठरलेला वाटाच त्यातल्या त्यात भरवशाचा. ते वाक्य मी वाचलं होतं आणि पुढे गेले होते.

घोळ डिसेंबरात झाला. पैसे गुंतवायला आलेल्या एका माणसानं हसत हसत माझ्या मैत्रिणीला विचारलं, तुम्ही दोघी स्वतः हे यंत्र वापरता का? ती परत आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता. म्हणाली, "ही हॅज अ पॉइंट, यार. आपण लोकांना ऑप्टिमल विकतो आणि स्वतः फिफ्टी-फिफ्टीवर बसलोय." मग त्याच दुपारी आम्ही स्वतःलाच यंत्रात घातलं. दुसऱ्या कुणी असा मूर्खपणा केला नसता. नवरा-बायको भांडतात, भाऊ-भाऊ वाटण्या करतात, पण आपल्या मैत्रीची गणितं आपल्याच यंत्राकडून सोडवून घ्यायची हौस आमच्यासारख्यांनाच असते.

माझ्या कामाची फळं कोणकोणती असू शकतात, ते आधी यंत्राला सांगायचं होतं. आम्ही तीन रकाने केले. पहिला, आडवाट सापडली. दुसरा, लहान गटांपुरती चालणारी वाट सापडली. तिसरा, काहीच नाही. यंत्रानं क्षणात करार काढून दिला आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. कंपनीतला माझा सगळ्यात मोठा हिस्सा त्यानं पहिल्या रकान्याला दिला नव्हता, मधल्याला दिला होता. आम्ही कारण शोधून काढलं. आडवाट बाहेरचा कुणीतरी शोधेल आणि मला ती आयती मिळेल. काहीच नाही हे तर झोपूनही जमतं. मधलं फळ मात्र कोपरं झिजवल्याशिवाय मिळत नाही, म्हणून मी राबले याची खरी खूण तीच. यंत्राच्या हुशारीचं आम्हाला इतकं कौतुक वाटलं की आम्ही लगेच सह्या केल्या.

त्या रविवारी आईला हेही सांगितलं. तिनं एकच प्रश्न विचारला.

"आणि शेळी मेली तर?"

मी म्हटलं, तो तिसरा रकाना. काहीच नाही.

"मेलेली शेळी आणि हरवलेली शेळी एक न्हवं बाई," आई म्हणाली.

आमच्याकडे रीत अशी की अर्धलीची शेळी मेली तर राखणारीनं तिचं दावं घेऊन त्याच दिवशी मालकिणीच्या दारात यायचं. दावं हातात दिलं की राखणारी मोकळी. मग कुणी तिच्यावर संशय घेत नाही, भरपाई मागत नाही. लहानपणी आमच्या ओसरीच्या खुंटीला अशी दोनतीन दावी लटकलेली असायची आणि मी त्यांच्याशी खेळायचे. आईच्या बोलण्यावर मी हूं म्हटलं आणि विषय बदलला.

मार्चमधल्या एका दुपारी मी झाडाकडे बघता बघता खरंच झोपले. स्वप्नात आमची ओसरी होती. आई करडांचे दोन वाटे करत होती. करडं खूप होती, लहान-मोठी, आणि दोन्ही वाट्यांचं वजन अगदी तंतोतंत सारखं व्हायला हवं होतं. ती एक करडू इकडून तिकडे ठेवायची, मग तिकडून दोन इकडे. गुलाबी फुलं पडत होती, करडं ती खात होती आणि त्यानं वजनं पुन्हा बदलत होती. मला घाई नव्हती. सगळं संथ आणि फार गोड चाललं होतं. मग आई माझ्याकडे वळून म्हणाली, हे जमलं की तुझं पण जमेल. मी जागी झाले तेव्हा गालावर टेबलाच्या कडेचा वळ उठला होता आणि मला सगळं समजलं होतं.

ते असं. वेगवेगळ्या वजनांच्या ढिगाचे दोन अगदी सारखे वाटे करायचे, हे कोडं पोरखेळासारखं दिसतं. पण ढीग मोठा झाला की ते झटपट आणि खात्रीनं सोडवायची रीत आजवर कुणालाही सापडलेली नाही. ती नसावीच, असं बहुतेक जाणकारांचं मत आहे. आणि माझ्या कराराच्या प्रश्नाच्या पोटात तेच कोडं बसलेलं होतं. कुठल्याही गटाचा सगळ्यात चांगला करार माझं यंत्र झटपट काढू शकलं असतं, तर करडांचे वाटेही त्यानं झटपट केले असते. म्हणजे चार वर्षं मी जिच्या मागे होते ती आडवाट बहुधा नव्हतीच. दोन दिवस मी कागदावर सगळं पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. कुठेही चूक नव्हती. त्या दोन दिवसांत मी जेवढी सुखी होते तेवढी आयुष्यात फार थोड्या वेळा झाले असेन. खरी गोष्ट हाती लागली की ती आपल्या विरुद्ध असली तरी अंगावर काटा येतो.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता तिला सांगायचं, असं ठरवूनच मी दर्शिनीकडे निघाले. वाटेत, औषधाच्या दुकानासमोर, मला रकाने आठवले. 'ते होण्यासारखंच नाही असं सिद्ध झालं' हा चौथा रकाना आम्ही केलाच नव्हता. म्हणजे माझं हे फळ तिसऱ्यात जाणार, काहीच नाही या रकान्यात, जिथं झाडाकडे बघत झोपा काढणारीही जाते. आणि तिसऱ्या रकान्यात माझा हिस्सा जवळजवळ संपत होता. उलट तेच लपवून चार महिने लहान गटांची वाट घासूनपुसून काढली तर मधला रकाना, सगळ्यात मोठा. मी मारतहळ्ळीत दोन खोल्यांत राहत होते, खाली वेल्डिंगचं दुकान. त्यातून बाहेर पडायची स्वप्नं मी रोज बघायचे, मनातल्या मनात मांडे खायचे. दर्शिनीत पोचेपर्यंत मी ठरवलं होतं की आज नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं ओतली, मी उचलली, आणि आम्ही कशावर तरी हसलो.

आजचं उद्यावर गेलं, उद्याचं आठवड्यावर. तिच्या नजरेत काही वेगळं दिसलं की मला वाटायचं, कळलं हिला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तिला काही कळलं नव्हतं. एप्रिलच्या सुरुवातीला मात्र तिनं समोरूनच विचारलं.

तिला एक मुलगी होती, चार वर्षांची. ती पुण्याला मैत्रिणीच्या आई-वडिलांकडे वाढत होती. महिन्यातून एकदा ही रात्रीच्या बसनं जायची आणि परत आली की दोन दिवस फोनमधले तिचे फोटो बघत बसायची. जूनमध्ये मुलीला इकडे आणायचं तिच्या मनात होतं. एचएसआर लेआउटमध्ये घराजवळची शाळा तिनं बघून ठेवली होती, फॉर्मही आणला होता. तो तिनं टेबलावर ठेवला. तिच्या अक्षरात मुलीचं नाव लिहून झालं होतं, बाकीच्या ओळी कोऱ्या होत्या.

"मला खरं सांग," ती म्हणाली. "आपण क्लोज असू तर मी हे वर्ष फुल्ल देते, तिला अजून एक वर्ष माझ्या आईकडे ठेवते. नसू, तर सरळ परसेंटेजवाले साधे प्लॅन विकू, लाइफ थोडं सोपं करू, आणि मी तिला घेऊन येते. तू म्हणशील तसं."

मी खिडकीकडे बघितलं. झाडाची फुलं संपली होती आणि कोवळी पानं फुटत होती.

"जवळ आलंय," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली, फॉर्मची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. त्या वेळी मला काय वाटलं ते मी अनेकदा आठवून बघितलं आहे. फारसं काही वाटलं नाही, हेच खरं. सगळं त्या दुपारच्या झोपेसारखं दुरून चाललं होतं, आणि बोललेली बाई जणू दुसरीच कुणी होती. लाज नंतर आली. आली ती मात्र घर करून राहिली.

एप्रिल आणि मे तिनं जीव तोडून काम केलं. यंत्र आता येणारच, म्हणून दोन नवीन मोठी गिऱ्हाईकं तिनं धरून ठेवली. मी मधला रकाना घासत राहिले. संध्याकाळी ती मुलीशी व्हिडिओवर बोलायची आणि मी उगाच कानात काहीतरी अडकवून बसायचे. एकदा मुलगी म्हणाली, मला शाळेचा नवीन ड्रेस मिळाला, इथलाच. ही म्हणाली, छान आहे गं राणी, आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली, कॉल संपल्यावरही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आईचा फोन आला. शेळी मेली होती. पोट फुगून, सकाळच्या सकाळी. आई रडत होती, पण बोलत होती ती शेळीबद्दल कमी आणि त्या बाईबद्दल जास्त. बाई दुपारच्या उन्हात चालत आली होती. दाराशी उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. दावं पुढे केलं आणि म्हणाली, "माझ्या हातनं ऱ्हायली न्हाई." आईनं तिला पाणी दिलं, चहा दिला, आणि तिथल्या तिथं सांगून टाकलं की पुढची शेळी घेतली की तुझ्याकडेच. मी विचारलं, तिचीच चूक असेल तर? कशावरून तिनं नीट राखली? आई म्हणाली, दावं घेऊन आली की त्याच दिवशी. मग आणि काय बघायचं.

त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी कागद घेऊन दर्शिनीत गेले. मार्चचे कागद, त्यांवर मार्चची तारीख होती. ती बदलायचा विचार मनात आला होता, हेही सांगून टाकते.

पुढे काय झालं ते आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. कंपनी आम्ही सप्टेंबरात बंद केली. तिच्या हिशेबानं साधे वाट्याचे करार विकता आले असते, आणि ते वाईट नव्हते, पण आमचं दोघींचं मिळून काही होणार नाही हे तोवर दोघींना कळलं होतं. माझी ती सिद्धता पुढे छापून आली. आता मी ती शिकवते. मुलं वहीत उतरवून घेतात आणि विचारतात, याचा उपयोग काय. मी म्हणते, नसलेली वाट शोधणाऱ्या माणसाला वेळेवर घरी पाठवता येतं. ती पुण्याला परत गेली. मुलगी आता तिच्याजवळ आहे. मला हे दुसऱ्यांकडून कळतं.

तर त्या दिवशी. अण्णांनी आम्हाला पाहिलं आणि दोन ग्लास मांडले. तिनं ओतायच्या आधीच मी सांगायला सुरुवात केली. करडांचे वाटे, पोटातलं कोडं, सगळं. तिला गणित कळतं, तिनं दुसऱ्या कागदावरच मान हलवली. म्हणाली, ब्यूटिफुल आहे गं. ती खरंच खूश झाली होती, मला ते आजही विसरता येत नाही. मग तिची नजर तारखेवर गेली. तिनं एकदा कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. मी रकान्यांचं सांगितलं. खाली वेल्डिंगचं दुकान असतं तेही सांगितलं, का कोण जाणे. पर्सची चेन तिनं अर्धी उघडली आणि पुन्हा लावली. फॉर्म आतच असावा.

मग ती काउंटरकडे वळून म्हणाली, "अण्णा, दोन फुल्ल कॉफी."

अण्णांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "सरी," असं म्हणून त्यांनी आधीचे दोन ग्लास उचलले आणि दोन मोठे भरलेले ग्लास आणून ठेवले. आम्ही दोघी आपापली कॉफी पीत उभ्या राहिलो. रस्त्यावर शाळेची एक पिवळी बस वळत होती आणि ती वळेपर्यंत मागची सगळी वाहनं थांबून होती. तिनं आपला ग्लास संपवला. माझ्या ग्लासात निम्मी उरली होती. मी ती खाली ठेवून दिली होती.

तिनं ग्लासाकडे बोट केलं. "ही का ठेवलीस?"

"सवय," मी म्हणाले.

"मग मी फॉर्म दाखवला त्या दिवशी माझा वाटा का नाही ठेवलास?"

तिनं रागानं विचारलं नव्हतं. तिला खरोखरच कळून घ्यायचं होतं. मग तिनं पर्स खांद्याला लावली आणि रस्ता ओलांडून गेली. मी टेबलापाशीच उभी होते. ग्लासातल्या निम्म्या कॉफीवर साय धरली होती.